कॅमेऱ्यामागचा आवाज

आमच्या मेरीताई साळवे संशयी आहेत, हे नगरच्या आमच्या गल्लीत पोराटोरांनाही ठाऊक. आज दूध घट्ट आहे असं दूधवाला म्हणाला, तरी बाई विचारणार, "का बरं?" मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे त्यांच्या उलटतपासण्या मला घरबसल्या ऐकायला मिळतात. नवरा, मार्कभाऊ, कोल्हारचे. चर्चमधून यायला जरा उशीर झाला की त्यांचीही साक्ष होते.

पण या स्वभावावरच घर चालतं. पूर्वी मार्कभाऊ लग्नांचं शूटिंग करायचे आणि मेरीताई ते संगणकावर जोडायच्या. हल्ली कोर्टाची कामं येतात. अंथरुणाला खिळलेल्या साक्षीदाराची साक्ष कोर्टाचे कमिशनर घरी जाऊन घेतात आणि मार्कभाऊ तिचं शूटिंग करतात. पुढचं काम मेरीताईंचं. आवाज साफ करायचा, खाली शब्द टाकायचे, वकिलांची हुज्जत दोन्ही बाजूंच्या संमतीने कापायची. काय कापलं त्याच्या दाखल्यावर सही त्यांची. जे कापायचं ते त्या आधी कान देऊन ऐकतात. जे दोन्ही वकिलांना नको आहे, त्यात काहीतरी असणारच, असं त्यांचं मत.

काष्टीच्या बनुबाईंची साक्ष अशीच आली. काकासाहेब नावाच्या माणसाला टेम्पोने उडवलं होतं आणि ते पाहिलं होतं एकट्या बनुबाईंनी. पोलिसांनी पकडलेला टेम्पो पांढरा. बनुबाईंनी तोच रंग सांगितला तर चालक अडकणार, नाहीतर सुटणार. काकासाहेबांची बायको मुक्ताबाई त्या एका शब्दाकडे डोळे लावून बसली होती.

पडद्यावर वकिलाने रंग विचारला. म्हातारी गप्प. तेवढ्यात दुसऱ्या वकिलाने हरकत घेतली आणि दोघांची जुंपली. भांडण मिटलं तशा बनुबाई म्हणाल्या, "पांढरा हुता."

इथे पाणी मुरतंय, असं मेरीताईंना वाटलं. आधी गप्प, मग एकदम इतकी ठाम? हेडफोन लावून त्यांनी भांडणाचा तुकडा परत परत ऐकला. मग मला हाक मारली आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. वकिलांच्या आरड्याखाली, माइकच्या अगदी जवळ, कुणीतरी कुजबुजत होतं. "पांढरा म्हना, मावशी."

आवाज मी ओळखला आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"म्हंजे तुमाला पन तोच वाटतोय," मेरीताई म्हणाल्या.

मार्कभाऊ जेवायला आले तेव्हा मेरीताईंनी ताट वाढलं नाही. "तुमाला कुनी शिकवलं?"

"कुनी न्हाई. मुक्ताबाई दारात रडत हुती, म्हातारी घाबरली हुती. टेम्पो पांढराच हाय, चौकीत मी पाह्यलाय."

"म्हातारीनं पाह्यला का, ते इचारलं हुतं."

"ते भांडान तू कापनारच हायेस की. मग कुनाला कळनार हाय?"

"आजून किती जनांच्या कानात बोललात?"

"एवढंच. देवाशपथ."

मेरीताईंचा विश्वास बसला नाही. मला त्या दिवशी त्यांचा रागच आला. नवरा वाईट नव्हता हो, मऊ होता. पण मेरीताईंनी तो तुकडा ठेवला आणि खाली नवऱ्याचं नाव टाकलं. आवाज त्याचाच कशावरून, असं कोर्टात विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "रोज हाच आवाज मला उठवतो, साहेब."

बनुबाईंची साक्ष बाजूला पडली. चालक सुटला.

निकालाच्या दिवशी मी मेरीताईंबरोबर गेले होते. कोर्टाच्या पायऱ्यांवर मुक्ताबाई समोर आली. आता ही शिव्या घालणार म्हणून मी पुढे झाले. पण ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी खरं तेच केलं आसंल. पन माझ्या मालकाला उडवलं, ते कुनी?"

दूधवाल्यालाही न सोडणाऱ्या मेरीताई पायरीवर बसल्या. मुक्ताबाई उत्तराची वाट पाहत होती.