हात लावायचा नाही

कुणी मदतीला पुढे सरसावलं की ताईंचा उजवा तळहात आधी वर जायचा, मग शब्द यायचे. "हात लावायचा नाही." असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल, पण आमच्या ताईंइतकं हट्टी असेल असं मला वाटत नाही.

जपानमधल्या त्सुकुबातल्या आमच्या संशोधन संस्थेत त्या मला वरिष्ठ. मूळच्या पुण्याच्या, एकट्या राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. २०११च्या भूकंपानंतर नळ कोरडे पडले, तेव्हा पाण्याचे दोन कॅन घेऊन त्या चौथा मजला चढत होत्या. मी धावलो. कॅन खाली ठेवून तळहात वर. त्या आठवड्यात आमच्यातली बरीच कुटुंबं मिळेल ते विमान पकडून भारतात गेली. ताईंच्या भावाचेही रोज फोन येत. "त्याला म्हटलं, इथे मी आधी आले, भूकंप नंतर आला. जायचं तर भूकंपानं जावं," असं त्या सांगायच्या. मग पुढचे कित्येक महिने त्या हललेली उपकरणं पुन्हा जुळवत बसल्या.

संस्थांची एकिदेन, म्हणजे टप्प्याटप्प्यानं धावायची शर्यत, पुन्हा सुरू झाली तेव्हा ताईंनी सगळ्यात आधी आपलं नाव दिलं. या शर्यतीत खांद्यावरून तिरका घातलेला कापडी पट्टा एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायचा असतो. ठरलेल्या वेळात तो पोचला नाही तर पंच पुढच्याला परका पट्टा घालून सोडतात; तुमचा पट्टा तिथंच राहतो. आणि वाटेत धावणाऱ्याला कुणी हात देऊन सावरलं की संघ बाद. हा नियम ऐकून ताई खूश झाल्या. "जगात एक तरी शहाणा खेळ निघाला!"

पहिल्या वर्षी त्या तिसऱ्या टप्प्यावर होत्या आणि मी चौथ्या, म्हणजे शेवटच्या. पट्टा द्यायच्या रेषेपासून वीसेक पावलांवर त्यांचा गुडघा दगा देऊन गेला आणि त्या पडल्या. माणूस पडलं की आपण काय करतो? विचार करत बसत नाही. मी धावत गेलो आणि त्यांना दंडाला धरून उठवलं. पंचांनी लाल निशाण वर केलं.

आठ दिवस ताई माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "गुडघा माझा होता, पट्टा चौघांचा होता. तू दोन्ही घालवलेस."

पुढच्या वर्षी आमच्या विभागप्रमुखांनी फार नम्रपणे सुचवलं की ताईंनी यंदा धावण्याऐवजी पाण्याचे पेले वाटावेत. ताईंनी नियमांची पुस्तिका त्यांच्यापुढे ठेवली. "वयाची अट कुठल्या पानावर आहे, कृपया दाखवाल का?" जपानीत इतक्या आदरानं इतकं उद्धट बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. विभागप्रमुखांनी सगळी पानं उलटली. शर्यतीच्या दिवशी पेले तेच वाटत होते.

आणि ताई पुन्हा पडल्या. तोच गुडघा, जवळजवळ तीच जागा.

मी रेषेवर उभा होतो. शेजारी पंच, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात परका पट्टा. एक मिनिट उरलं होतं. ताईंनी रस्त्यावर बसूनच आधी माझ्याकडे पाहिलं आणि तळहात वर केला. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. त्या उठल्या, दोन पावलं चालल्या, पडल्या, पुन्हा उठल्या. "ताई, या! या ना!" एवढंच मी ओरडत होतो आणि चारचौघांत रडत होतो. पंचांनी तीस सेकंद सांगितले, मग दहा. परका पट्टा माझ्या डोक्यावरून घालायला त्यांनी हात उचलला, तेवढ्यात ताईंनी घामानं भिजलेला आमचा पट्टा माझ्या मुठीत कोंबला.

"बघतोस काय? पळ!"

आमचा पट्टा शेवटपर्यंत पोचला. आम्ही शेवटून दुसरे आलो. ताईंनी सगळ्या विभागाला शिरा खाऊ घातला.

पुढे त्या निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. विमानतळाच्या बसमध्ये दोन्ही बॅगा त्यांनी स्वतःच चढवल्या. मी बाजूला उभा राहिलो. नंतर आजारपण आलं. फोनवर त्या त्याबद्दल बोलू द्यायच्या नाहीत.

एका रविवारी मी भाजी चिरत असताना त्यांच्या भाच्याचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"आत्या गेली," तो म्हणाला. "सकाळी नर्स धरायला आली, तर तिला म्हणाली, हात लावायचा नाही. भिंतीच्या आधारानं एकटी गॅलरीपर्यंत गेली. खुर्चीत बसली. दुपारी तिथेच..."

"वाटेत पडल्या का रे?"

"एकदा पडली. पण उठली आपली आपण."

तो आणखी काही सांगत होता. मला वाटत होतं, मी तिथे असतो तर धावत जाऊन त्यांना उचललं असतं, संघ बाद झाला तरी चाललं असतं. पण नसतं उचललं. सुरी बाजूला पडली होती आणि माझे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले होते.