गोपिकेच्या हातचा गोळा

कुहीकडच्या त्या मोठ्या तलावावर गळ टाकायला येणाऱ्या नागपूरच्या साहेब लोकांचं कवडूवाचून पान हलत नसे. सरकार दर पावसाळ्यात तलावात रोहू-कतल्याचं बीज सोडायचं, मच्छीमार सोसायटीवाले जाळं ओढून मोठा मासा थेट ट्रकनं शहरात धाडायचे, आणि रविवारी पास काढून हे हौशी लोक यायचे. त्यांना कुठं बसवायचं, दोरी कधी ढिली सोडायची, कधी ओढायची, हे सांगणं कवडूचं काम. सत्तर-बहात्तर सालच्या त्या गावात, नुसता मासा दाखवण्याची मजुरी मिळते म्हटल्यावर लोक हसायचे. हसोत बापडे.

पण खरी करामत कवडूची नव्हतीच, त्याच्या बायकोची होती. दर शनिवारी गोपिका गळाला लावायचा चारा मळायची. ढेप, म्हणजे पेंड, चुलीवर भाजायची, भाताचा कोंडा चाळून घ्यायची, मोहफुलं ठेचून घालायची आणि लिंबाएवढे गोळे वळून ओल्या फडक्यात बांधून द्यायची. कवडूचा गोळा म्हणजे हमखास, असं साहेब लोक एकमेकांना सांगायचे. कवडू मिशीत हसून ऐकून घ्यायचा. बायकोचं नाव सांगावं असं त्याला कधी सुचलं नाही.

आणि त्या गोपिकेनं तलावातला मासा कधी तोंडात घातला नव्हता. नाल्यातले झिंगे, धानाच्या बांधीतली बारीक मच्छी, तीच त्यांच्याकडे शिजायची. पूर्वी तलावावर दुसरा एक वाटाड्या होता. त्यानं साहेबांकडे मासा मागून मागून असा वीट आणला की त्याला कुणी बोलवेनासं झालं. तेव्हापासून कवडूनं ठरवून टाकलं, आपण शेपटीसुद्धा मागायची नाही. या गोष्टीचा त्याला भारी तोरा. मजुरी घ्यायची, रामराम करायचा आणि रिकाम्या हातानं घरी यायचं.

एका हिवाळ्यात गोपिका छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. अन्नावरची तिची वासनाच उडाली. डॉक्टरनं कवडूला बाजूला घेऊन सांगितलं, आता पथ्यबिथ्य राहू दे, बाई मागेल ते खाऊ घाल. पण ती काही मागेल तर ना! मग एका शनिवारी भिंतीला टेकून, दम खात खात तिनं गोळे वळले आणि फडक्याची गाठ मारता मारता म्हणाली, "येवढी वर्सं मी त्या मास्यायले खाऊ घालून राहिली. आता त्यातला येक तुकडा मले खाऊ घाला ना जी."

"उद्याच आनतो वं," कवडू म्हणाला.

रविवारी आले प्रताप नगरचे गोपाळराव. इंजिनियर माणूस, मनाचा दिलदार, कवडूचं जुनं गिऱ्हाईक. दुपारी त्यांच्या गळाला कतला लागला. कवडू छातीभर पाण्यात उतरला आणि त्यानं तो जाळीत घेतला. काठावर पोत्यावर ठेवला तर पोतं पुरेना. घरी बाई आजारी आहे, एक तुकडा द्या, एवढं वाक्य कवडूच्या जिभेवर सकाळपासून तयार होतं. आणि आनंदलेल्या गोपाळरावांनी स्वतःच तोंड उघडलं.

"कवडू, आज तुला काय हवं ते माग."

"काही नाही साहेब. तुमची किरपा हाय."

काय म्हणावं या माणसाला! इतक्या वर्षांची सवय, जीभ आपली आपणच वळली. आता सांगतो, मासा बांधताना सांगतो, असं मनाशी घोकत त्यानं स्वतःच्याच हातांनी तो कतला स्कूटरच्या मागच्या सीटवर आवळून बांधला. स्कूटर सुरू झाली आणि गेली. मग तो स्वतःलाच शिव्या देत घरी निघाला.

घरी शेजारच्या कांताबाईनं मसाला वाटून ठेवला होता. गोपिका दाराकडे डोळे लावून पडली होती. खरं सांगायची कवडूला लाज वाटली.

"आज लागलाच नाही वं."

गोपिकेनं त्याचीच समजूत काढली. "तुमी काहून तोंड पाडता? माहाच गोळा बिघडला. ढेप करपली असन."

अरे, तेव्हा तरी सांगायचं! त्यानं नाही सांगितलं. पुढच्या रविवारी आणूच, मग सांगू, असं म्हणत राहिला, आणि त्या रविवारपर्यंत गोपिका राहिली नाही.

तेरवीनंतर गोपाळराव भेटायला आले. कवडूनं रडत रडत त्यांना सगळं सांगून टाकलं. गोपाळराव कपाळाला हात लावून बसले. "अरे, आमच्या घरी मासा उंबऱ्याच्या आत येत नाही. तो मी वाटेतच एका चहावाल्याला देऊन टाकला होता. एका शब्दानं बोलला असतास तर अख्खा ठेवून गेलो असतो."

पोटासाठी कवडू पुन्हा तलावावर जाऊ लागला. गोळे आता तोच वळायचा. मासा लागला की सगळ्यांदेखत, न लाजता तुकडा मागायचा. म्हातारपणी हावरट झाला, असं साहेब लोक म्हणायचे. मिळालेला तुकडा तो कांताबाईच्या दारात ठेवून यायचा, त्याच्या घशाखाली तो उतरत नसे. आणि माशाच्या तोंडातून गळ काढता काढता दर वेळी पुटपुटायचा, "ढेप करपली नव्हती वं. गोळा चांगला होता."