डॉजवाला विश्राम

विश्रामच्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्या गाडीचा कुळवृत्तांत ऐकावाच लागे. गाडी डॉज, पोर्तुगीज अमदानीत बोटीतून आलेली, पेटाऱ्यासारखी रुंद. मुळगावात मी मराठीचा मास्तर म्हणून आलो, तो याच गाडीतून.

"अमेरिकेत डॉज नावाचे दोन भाव होते, मास्तर," स्टिअरिंगवर बोटं आपटत तो सांगू लागला. "थोरलो बोलको, धाकटो कारागीर. पयली सायकली केल्यानी. मगे दुसऱ्याच्या मोटारींची इंजिनां केल्यानी, वर्षांनवर्षां. एक दिस म्हणाले, आता आपल्या नावाची गाडी!" पत्रावर एकाच भावाचं नाव असलं तर ते भाऊ पत्र न फोडताच परत पाठवत, हे तो विशेष अभिमानाने सांगे.

त्याचा धाकटा भाऊ सोमा शेजारी बसून हसायचा. आईवडील लवकर गेलेले. विश्रामनेच त्याला वाढवलं. गाडी चालवायची विश्रामने, पण इंजिन ऐकायचं ते सोमाच्या हाताचं.

गोष्ट नेहमी पहिल्या गाडीपाशी संपे. पुढचं विश्रामने मला एकदा, सोमा नसताना सांगितलं. म्हापशाच्या एका जुन्या गॅरेजवाल्याकडून त्याने ते ऐकलं होतं. साथीच्या तापाने दोघाही भावांना गाठलं. थोरला गेला आणि वर्ष सरायच्या आत धाकटाही.

"ह्या सोमाक सांगू नकात," तो म्हणाला. "त्येका वायट दिसतला."

ते गोव्यातल्या राज्यभाषेच्या आंदोलनाचे दिवस होते. कोकणी की मराठी, यावरून घराघरांत अबोला आणि रस्त्यांवर आडवी पाडलेली झाडं. अशाच एका सकाळी गवताची गंजी उपसताना सोमाला नाग चावला. सर्पविषावरची लस म्हापशालाच मिळायची. मागच्या सीटवर मी सोमाचं डोकं मांडीवर घेतलं आणि विश्रामने गाडी भरधाव सोडली.

अस्नोड्याच्या पुढे रस्त्यात आंब्याचं झाड पाडलेलं. चार-सहा तरुण पुढे आले.

"तूं कोंकणीचो काय मराठीचो?" एकाने विचारलं.

विश्राम उतरला. त्याने हात जोडले. "माझो भाव मरता रे. खंयच्या भाषेत सांगू तुका?"

 मग त्या तरुणांनीच फांद्यांना हात घातला. झाड हलेना. शेवटी गाडी वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या पिकासाठी पाणी सोडलेल्या शेतात उतरवली आणि चाकं रुतली. सगळ्यांनी खांदे लावले. विश्राम चिखलात बसून चाकाखाली दगड कोंबत होता, हातांनी माती ओरबाडत होता, रडत होता. गाडी वर आली तेव्हा सोमाच्या पापण्या मिटत चालल्या होत्या.

"दादा," तो जड जिभेने म्हणाला, "त्या भावांचां फुडे काय झालां?"

विश्रामने आरशात पाहिलं. "काय होवचां? म्हातारे झाले. नातवंडां बघल्यानी. दोगांवनी."

"बरां झालां," सोमा म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही. थोड्या वेळाने त्याचा श्वास थांबला. मी त्याची छाती दाबली, हाका मारल्या. विश्रामने गाडी थांबवली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही.

"मास्तर, माका काय एक सांगू नकात!" तो ओरडला. "म्हापसा येवं दे!"

त्याने हॉर्न दाबून धरला. इस्पितळाच्या दारात माणसं धावत आली, सोमाला उचलून आत घेऊन गेली. तरी हॉर्न वाजतच होता. एका परिचारिकेने येऊन विश्रामची बोटं एकेक करून सोडवली, तेव्हा कुठे तो आवाज थांबला.