शेठचा पाला

आमचा मामा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावलं की त्याला मुंगीची मिशी दिसते. काढलं की समोर उभी म्हैस दिसत नाही, असं मामी म्हणते.

मामीचा एक ससा आहे. त्याला सगळे शेठ म्हणतात. शेजारची म्हातारी त्याला कुठूनसा रानटी पाला आणून घालायची. ती लेकीकडे राहायला गेली आणि शेठनं तोंड फिरवलं. गाजर नको, कोबी नको. पार मलूल पडला. मामीलाही घास जाईना.

"अहो, कडेनं पांढरं, मधे पिवळं फूल येतं बघा त्याला. आणा की शोधून!"

मामानं दुकानामागच्या गटाराकाठून जुडी आणली. शेठनं हुंगली आणि पाठ फिरवली.

"हा माका आहे!" मामी म्हणाली. "यात पिवळं कुठंय? तुम्ही डोळे दुकानात ठेवून जाता का हो?"

"भिंग नव्हतं लावलं."

"मग लावा! नको कोण म्हणतंय?"

मामानं खरंच लावलं आणि ढुंगण वर करून अर्धा पिंजऱ्यात शिरला. शेठ बिचारा कोपऱ्यात सरकला. गवताच्या तळाशी म्हातारीच्या जुन्या पाल्यातली एक वाळकी दांडी निघाली. लांबलचक, लवदार, टोकाला एकच बोंड. मामानं ते चिमट्यानं उकललं. एकेका बीच्या डोक्यावर पिसांचा झुबका! मग माक्याचं बोंड उकललं. त्यातलं बी बोडकं.

"अगं, हे उडणारं बी आहे! वारा नेईल तिथं चढून बसत असेल. बरं, म्हातारीच्या चपला कधी चिखलानं भरलेल्या बघितल्यास?"

"छे. नुसती धूळ असायची."

"मग गटार सोड. कोरडी, उंच जागा बघू."

दुकानामागं एक पडकी भिंत आहे. मामा स्टुलावर चढला, मामीनं स्टूल धरलं.

"पडलात तर मी आधी तुम्हाला बघू का शेठला?"

"शेठला बघ. मला कोबी चालतो."

वर विटांच्या फटीत एकदांडी नावाचं तण माजलं होतं. खरखरीत, दातेरी पानं. प्रत्येक लांब दांडीवर एकटंच फूल. मधे पिवळंधमक, कडेच्या पांढऱ्या पाकळ्यांना टोकाशी खाचा. मामा तिथंच भिंगातून बघत बसला.

"अगं, हे एक फूल नाहीच! या पिवळ्यात एकेक वेगळं इवलंसं फूल आहे. दाटीवाटीनं बसलीत सगळी!"

"बसू द्या त्यांना. तुम्ही पाला टाका खाली!"

शेठनं पहिलं पान हुंगलं. मामीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मीच ओरडलो. शेठनं एक कान वळवला, नाक हलवलं, आणि कुरूम कुरूम सुरू झालं. पान गेलं, दांडी गेली, फूलही गेलं.

मामी उठली, भात वाढून घेतला आणि ताट घेऊन पिंजऱ्यासमोर फतकल मारून बसली.

"अहो," तोंडात घास घेऊनच ती म्हणाली, "उद्या पलीकडच्या भिंतीवरचं आणा. इथलं जरा वाढू द्या."