नववं तिकीट

उद्धवराव घुल्यांच्या खिशात दर महिन्याला लॉटरीची नऊ तिकिटं असायची, आणि त्यातल्या नवव्याबद्दल त्यांनी सहा वर्षांत कारखान्यात एकाही माणसापुढं तोंड उघडलं नव्हतं.

पिंपरीच्या त्या कारखान्यात ड्रिलिंगच्या लाइनीवर आठजण होते. पगार झाला की प्रत्येकानं एक रुपया काढायचा, सगळ्यांच्या मिळून आठ तिकिटं घ्यायची, लागलं तर आठ वाटे. तिकिटं आणायची उद्धवरावांनी आणि सोडतीपर्यंत सांभाळायचीही त्यांनीच, कारण माणूस सरळ. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी लाइनीवरचाच भैरू ती विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढं मांडायचा आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यावर कुंकवाची टिकली लावायचा. पाण्याचा नळ लांब, म्हणून कुंकू कालवायचं मशीनच्या तेलात. नंबर मात्र कुठं टिपायचे नाहीत. नंबर लिहिला की नशीब बिथरतं, असं भैरूचं म्हणणं, आणि भैरूशी वाद कोण घालणार, कप्पाळ!

आणखी एक नियम होता. वाट्यात असलेल्यानं वेगळं तिकीट घ्यायचं नाही. लाइनीवरच्या जयसिंगनं एकदा चोरून घेतलं, त्याला शंभर रुपये लागले आणि गोष्ट फुटली. महिनाभर त्याच्याबरोबर कुणी डबा खाल्ला नाही. बिचाऱ्यानं शेवटी डिपार्टमेंट बदलून घेतलं.

हे सगळं डोळ्यांनी पाहूनही उद्धवराव नववं तिकीट घ्यायचेच. का, तर पिठाच्या गिरणीपायी. ड्रिलचा दांडा ओढून ओढून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. सकाळी शर्ट चढवायचा तर बायकोनं, कौशल्याबाईंनी, बाही धरावी लागायची. ते राहायचे त्या सांगवीतल्या बाया दळणाचे डबे डोक्यावर घेऊन नदीपलीकडं औंधला जायच्या. इथं एक गिरणी टाकली की बसल्या जागी पोट भरेल, ही त्यांची सहा वर्षांची आशा. मिळून घेतलेल्या तिकिटाच्या आठव्या वाट्यात गिरणीचा पट्टासुद्धा आला नसता. म्हणून ते एक. त्याला टिकली नसायची, तीच त्याची खूण.

त्या दिवशी दुसरी शिफ्ट होती. सकाळी दाढीच्या दुकानात सोडतीच्या निकालाचा पेपर हाती आला. उद्धवराव घरी पळत आले, गादीखालची तिकिटं काढली आणि एकेक जुळवायला लागले. पाचवं तिकीट जुळलं. आकडान् आकडा. चाळीस हजार! त्यांनी कोपरा पाहिला. टिकली होती. गेली गिरणी, वाट्यातलं निघालं. मग सहज नजर बाकीच्यांवर गेली. नऊच्या नऊ तिकिटांना टिकली होती.

"अगं, हे काय केलंस?"

"परवा गादी झटकताना सापडली," कौशल्याबाई म्हणाल्या. "एक कोरं होतं. म्हटलं, त्यानंच काय घोडं मारलंय? देवापुढं ठेवून सगळ्यांना लावलं कुंकू. का हो? लागलं का काय?"

त्यांनी सांगितलं. बाई मटकन खाली बसल्या आणि लगेच उठल्याही. "मग आपलंच ते! माझ्या हाताला यश आहे. तिकडं काही बोलू नका, तुम्हाला माझी शपथ."

सायकल मारताना उद्धवरावांचं डोकं भणभणत होतं. नऊतलं एक. म्हणजे आठ हिश्श्यांनी त्यांचं, एका हिश्श्यानं आपलं. पण तो एक हिस्सा खरा असला तर? आणि गप्प बसून त्यांचं गिळलं तर? सात माणसांचं गिळायचं, आणि त्यांच्याच शेजारी उभं राहून भोकं पाडायची? छे, छे. पुलापर्यंत त्यांचा निर्णय तीनदा फिरला. कारखान्याच्या गेटवर तर चाक घसरून पडता पडता वाचले.

आत पाऊल टाकलं तोच लाइनीवरच्या दत्तोबानं विचारलं, "काय उद्धवराव, पेपर पाहिला का? आपलं काही?"

दर महिन्याचा प्रश्न. दर महिन्याला 'नाही रे बाबा' म्हणायचं. पण आज जीभ वळली नाही. "लागलं," ते म्हणाले. "चाळीस हजार."

आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग एकच गलका झाला. माणशी पाच हजार! दत्तोबा मशीनला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. चार वर्षं त्याची बायको गावी आणि हा सहाजणांच्या खोलीत. "आता खोली घेतो," तो सारखं म्हणत होता, "आता कस्तुराला आणतो."

भैरू तेवढा शांत होता. "आणा हिकडं," तो म्हणाला. "आदी देवापुढं ठिवू."

उद्धवरावांनी गठ्ठा काढला. तिकीट शोधायला तिकिटं उलटसुलट करून चाळू लागले, आणि हात थबकला. एकेका तिकिटाच्या पाठीवर, टिकलीच्या बरोबर मागं, तेलाचा पिवळा डाग उतरला होता. मशीनचं तेल, कागदातून झिरपलेलं. एक, दोन, आठ. लागलेल्या, पाचव्या तिकिटाची पाठ मात्र कोरी होती. कौशल्याबाईंनी कुंकू पाण्यात कालवलं होतं.

आपलं! सगळंच्या सगळं आपलं, आणि दाखवायला पुरावाही हातात. फक्त बोलायचं. पण बोलायचं म्हणजे काय सांगायचं? की सहा वर्षं मी तुमच्या पाठीमागं वेगळं घेत आलो? जयसिंगबरोबर डबा खाल्ला नाही त्यात मीही होतो? समोर दत्तोबा शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. उद्धवरावांना त्याचा राग आला, स्वतःचा आला, त्या कुंकवाचासुद्धा आला.

ते तसबिरीकडं वळले. खाली तेलाची बुधली होती. अंगठा बुडवला आणि तिकिटाच्या कोऱ्या पाठीवर, टिकलीच्या मागं दाबला. खांद्यातून कळ निघाली, ती दाताखाली दाबली.

"घे," ते म्हणाले.

भैरूनं तिकीट घेतलं. उलटं केलं. त्याचं बोट ओल्या डागावर पडलं, तसं त्यानं बोटाकडं पाहिलं, मग उद्धवरावांकडं. मशीनपाशी सगळे वाट बघत होते.

"व्हय," भैरू मोठ्यानं म्हणाला. "आपलंच हाय." आणि बोट पँटला पुसलं.

शिफ्ट सुटल्यावर उद्धवराव सायकलचं कुलूप काढत होते. घरी काय तोंड दाखवायचं, हे त्यांना कळत नव्हतं. भैरू शेजारी येऊन उभा राहिला.

"उद्धवराव, येवढं कशापायी केलंत?"

"नियम होता ना रे," उद्धवराव म्हणाले. "कुठल्या तोंडानं सांगणार?"

भैरूनं मान खाली घातली. "मी बी घेतो येक," तो म्हणाला. "दर महिन्याला. चिंचवडच्या टेसनावर. दत्तोबाबी तिथंच घेतो. समदेच घेत्यात, उद्धवराव. तुमाला ठावं न्हवतं व्हय?"