अण्णा, पुढचं?

सन चोपन्न, मार्गशीर्षातला शुक्रवार. आभाळ निरभ्र, खाडीवरून बोचरा वारा. मी मात्र घामाघूम!

आता आमची फजिती सांगतो, पण आधी चहा खाली ठेवा, उगाच ठसका लागायचा. देवळापुढच्या मांडवात मी लिहिलेलं प्रहसन होतं. पहिल्या रांगेत मुंबईच्या रेडिओवरचे साहेब. विनोदी लेखक शोधायला बोटीने आलेले! वर्षानुवर्षं उत्सवाची नाटकं लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

जावयाच्या कामात बाबू मयेकर, बंदरावरचा सोडालेमनवाला. पाठांतर शून्य.

"अण्णा, तुम्ही विंगेत आहात ना? मग पाठ कशाला? तुम्ही म्हणाल ते ठोकतो!"

ठोकलंन ना मेल्याने! पहिल्याच प्रवेशात भलतंच वाक्य बोलून बसला. मी विंगेतून कुजबुजलो, "अरे मेल्या, ते शेवटचं!"

बाबू सासऱ्याला खणखणीत म्हणाला, "अरे मेल्या, ते शेवटचं!"

सासरा झालेले नाना मास्तर भडकले. "मेल्या कोणाला म्हणतोस?"

मी घाईने म्हटलं, "अहो मास्तर, तुम्ही नाही, तो!"

"अहो मास्तर, तुम्ही नाही, तो!" म्हणत बाबूने बोट दाखवलंन. कोणाकडे? थेट साहेबांकडे!

मी कपाळावर हात मारला. "देवा, माझं वाटोळं झालं!"

बाबूने मास्तरांच्या पायांवर लोळण घेतलीन. "देवा, माझं वाटोळं झालं!"

मांडवात माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. माझा एक विनोद कोणी ऐकला असेल तर शपथ!

पडदा पडला. साहेब तरातरा आत आले. डोळे लालभडक. आता हसून हसूनही डोळे लाल होतात, हे त्या वेळी कोणाला सुचणार?

"हे लिहिलंय कोणी?"

मी बाबूला पुढे ढकललं. "यांनी!"

साहेबांनी बाबूला मिठीच मारली. "असाच लेखक हवाय आम्हाला! मुंबईला या!"

"साहेब, अहो, मी..."

"तुम्ही कोण?"

मी नाव सांगणार, तोच बाबू घाबरून माझ्या कानाशी आला. "अण्णा, पुढचं?"

"धन्यवाद म्हण."

"धन्यवाद म्हण!" बाबू साहेबांना म्हणाला.

पुढल्या महिन्यात बाबू रेडिओवर लेखक म्हणून लागला. दर आठवड्याला त्याचं कार्ड येतं. त्यात एकच ओळ असते, "अण्णा, पुढचं?"

मी पाठवतो.