टॉकीजच्या दारातले सिंह

माझ्या शिक्षणाचं श्रेय सर्वांत आधी माझ्या जनाआत्याचं. परवा गोंदियात एका भिंतीला चुना देणं सुरू होतं. त्या ओल्या वासानं मला २००२ सालच्या एका दुपारी नेलं.

मी गोंदियात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. वर्गातली मुलं माझ्या बोलीला हसत, म्हणून मी शिक्षण सोडून आमच्या गावी, कामठ्याला परतायचं ठरवलं होतं. माझी समजूत काढायला आत्या आली आणि आल्या आल्या म्हणाली, "चाल, आधी मले टॉकीज दाखव."

जुन्या टॉकीजला नुकताच चुना दिला होता. कमळाच्या कळ्यांसारखे जाडजूड खांब आणि दाराशी माणसाच्या तोंडाचे दोन सिंह. आत्यानं पायरीशी चपला काढल्या आणि सिंहांना हात जोडले.

तिकीट फाडणारा हसला. "अम्मा, मंदिर नहीं, टॉकीज है."

रांगही हसली. माझी मान खाली गेली.

आत्या शांतपणे त्याला म्हणाली, "हासून राहिला, त सांग ना, हे कोन होत?"

"शेर है, और क्या."

"म्हंजे तुलेबी मालूम नाही." मग ती माझ्याकडे वळली. "तुले?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग घरी कायले येऊन राहिला? शिक, अन् मले सांग."

तेव्हा मला तिची लाज वाटली होती. आज त्या रांगेत ताठ उभी असलेली ती एकटीच दिसते.

मी गोंदियातच राहिलो, इतिहास घेतला. बी.ए. झाल्यावर तिला पत्र लिहिलं:

"आत्या, मी पास झालो, आपल्या घरातला पहिला. ते सिंह मिसर देशाचे, म्हणजे इजिप्तचे. तिकडे ते देवळाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना बसवत. आता कोणी हसलं तर माझं नाव सांग."